होडीत किती माणसं होती

नाहूर,
२८ डिसेंबर १९८३

रत्नाताईंस,
श्यामकांतचा नमस्कार.

तेराव्याला मी यायला हवं होतं. कंपनीने रजा दिली होती, बाबाही म्हणाले जाऊन ये. एस.टी.च्या तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो आणि अर्ध्यातून परत आलो. तुमच्या आईसमोर काय तोंड घेऊन उभं राहायचं ते कळेना. तुमचे यजमान चंदूला अग्नी देऊन, त्याची ट्रंक घेऊन निघाले तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं की सगळं सविस्तर लिहीन. म्हणून हे पत्र.

पवईच्या तलावावर आमच्या कंपनीच्या क्लबच्या वल्ह्यांच्या दोन बोटी आहेत. चंदू त्या क्लबात होता हे तुम्हाला ठाऊक असेलच. टूलरूममध्ये आम्हा दोघांची मशीनं शेजारी शेजारी. दर शनिवारी तो मला म्हणायचा, चल श्याम्या, तुला वल्हवायला शिकवतो. ३ तारखेला, शनिवारी आम्ही दोघं गेलो. सव्वासहा झाले असतील. अंधार पडला होता. बोटींवर अनंता नावाचा भांडुप कोळीवाड्यातला माणूस असतो. काळोख झाल्यावर बोट सोडायची नाही असा क्लबाचा नियम आहे, पण त्याने अडवलं नाही.

मध्यावर गेल्यावर चंदू गंमत म्हणून उठून उभा राहिला. बोट कलंडली आणि उलटली. मी उलट्या बोटीची कड पकडली, आणि अनंता दुसरी बोट घेऊन येईपर्यंत ती सोडली नाही. चंदूला हाका मारल्या. त्याचा आवाज आला नाही. सकाळी तो पाणवेलींत सापडला.

पोलिसांनी माझा जबाब घेतला. कंपनीने चौकशी करून अनंताला काढून टाकलं. क्लब सध्या बंद आहे.

चंदू आमच्याकडे रोज जेवायला असायचा. माझी आई अजून चुकून एक ताट जास्त मांडते. आपल्या आईंना माझा नमस्कार सांगा.

आपला,
श्यामकांत


आचरे,
९ जानेवारी १९८४

चि. श्यामकांत यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. शाळेतून आल्यावर मी ते घेऊन आईकडे गेले. माझं सासर आणि माहेर एकाच खाडीच्या दोन काठांना, त्यामुळे रोजचं जाणं-येणं आहे. आईला वाचून दाखवलं. चंदू उभा राहिला या वाक्यापाशी तिने मला थांबवलं. म्हणाली, "माझो चंदू होडयेत उभो रवलो? ह्यां दुसऱ्या कोणाचां सांगतत." मग मी पुढचं वाचलं, पण तिचं लक्ष नव्हतं.

मी मास्तरीण आहे, मला विचारल्याशिवाय राहवत नाही. राग मानू नकोस.

आमचे वडील, अण्णा, तीस वर्षं या खाडीवर तर, म्हणजे उतारूंची होडी, चालवत होते. इकडची माणसं तिकडे, तिकडची इकडे. चंदू पाच वर्षांचा असताना एकदा चालत्या होडीत उभा राहिला, तेव्हा अण्णांनी त्याला भर खाडीत, सगळ्या उतारूंसमोर, मुस्काटात मारली होती. त्यानंतर तो आणि मी दोघंही होडीत शिरताना वाकून शिरतो आणि बसूनच सरकतो. चंदू दारू पीत नव्हता. मग तो गंमत म्हणून उभा राहिला हे मी कसं मानू?

दुसरं. वल्ही कुणाच्या हातात होती? होडीत दिवा होता का? अंधारात दिव्याशिवाय निघायचं नाही, हे चंदूला कुणी सांगावं लागत नव्हतं. आणि होडी उलटली तर तिला सोडायचं नाही, कितीही चांगला पोहणारा असला तरी सोडायचं नाही, हे तर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तुला पोहायला येत नाही असं चंदूने लिहिलं होतं, आणि तू होडी धरून राहिलास. मग खाडी पोहून जाणारा चंदू होडी सोडून कुठे गेला?

तुला त्रास होत असेल हे समजतं. पण आईला रात्री झोप नाही. तिला खरं काय ते कळलं तर ती रडेल तरी. आत्ता ती नुसती बसून राहते.

तुझी,
रत्नाताई


नाहूर,
२४ जानेवारी १९८४

रत्नाताईंस नमस्कार.

तुमचं पत्र खिशात घेऊन दहा दिवस हिंडलो. आज लिहितो.

चंदू उभा राहिला नव्हता. मी उभा राहिलो. जबाबात मी खोटं सांगितलं, कारण तिथे चौकीत विचारलं, कोण उभं राहिलं, आणि माझ्या तोंडून त्याचं नाव गेलं. एकदा गेल्यावर परत घेता आलं नाही.

आता जसं झालं तसं लिहितो. आम्ही डोंगराकडच्या काठाला गेलो होतो. उन्हं उतरताना पाणी इतकं शांत असतं की परतावंसं वाटत नाही. चंदू म्हणाला, चल, निघू या. मी म्हटलं, थांब रे, आत्ता कुठे हात बसतोय, दहा मिनिटं दे. वल्ही माझ्याकडे होती. ती दहा मिनिटं मला महागात पडली. सूर्य गेल्यावर तिथे संध्याकाळ अशी राहतच नाही. अमावास्येचा आदला दिवस. बोटीत दिवा नव्हता.

मला वाटायचं, तलाव काय, चारी बाजूंनी काठ दिसतो, हरवणार कुठे? पण काळोखात काठ दिसत नाही, नुसते दिवे दिसतात. इन्स्टिट्यूटच्या हॉस्टेलचे दिवे, रस्त्याचे दिवे, कुठल्या तरी शेडचे. आणि त्या सगळ्यांची पाण्यात पडलेली रांग. आमच्या धक्क्यावर एक कंदील असतो, तो त्यांतला कुठला ते सांगता येईना. अनंता हाका मारत होता, पण हाक एकदा उजवीकडून येई, एकदा मागून. मी वल्हवत राहिलो आणि पाणवेलींत घुसलो. वल्हं गुंतलं. ओढून निघेना. म्हणून मी उभा राहिलो. चंदू ओरडला, "बस खाली, श्याम्या!" तेवढ्यात बोट माझ्या अंगाखालून गेली.

मी लांब फेकला गेलो. चंदू बोटीला धरून होता, पण मला पोहता येत नाही हे त्याला ठाऊक. तो बोट सोडून माझ्यासाठी आला. मला ढकलत बोटीपाशी आणलं. मग तो दिसला नाही. वेलींनी पाय धरले असणार.

तो माझ्यामुळे गेला. अनंतानेही त्या वेळी बोट द्यायला नको होती, पण मुख्य चूक माझी. आईंना सांगा, त्यांचंच खरं होतं.

श्यामकांत


आचरे,
५ फेब्रुवारी १९८४

श्यामकांत,

आईला सांगितलं. ती रडली. त्याबद्दल तुझे उपकार मानू की काय करू ते मला समजत नाही.

पण तुझी दोन्ही पत्रं मी शेजारी शेजारी ठेवली. मुलांच्या वह्या तपासायची सवय.

पहिल्यात आहे की सव्वासहाला, अंधार पडल्यावर होडी घेतली. दुसऱ्यात तुम्ही उन्हं उतरताना पलीकडच्या काठाला आहात. सव्वासहाला निघालात तर उन्हं कुठून आली? म्हणजे तुम्ही उजेडी निघालात. म्हणजे त्या अनंताने नियम मोडलेला नाही. तो तर तुम्हाला परत बोलवायला हाका मारत होता. मग तो घरी का बसला आहे?

पहिल्या पत्रात तू उलट्या होडीची कड पकडलीस आणि सोडली नाहीस. हे वाक्य तू उगाच लिहिलं नसशील, ते खरं वाटतं. दुसऱ्यात तू लांब फेकला गेलास आणि चंदूने तुला आणलं. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. तू होडीला धरून होतास तर चंदू कुणासाठी गेला?

होडीत किती माणसं होती?

मी पोलीस नाही. मला कुणाला शिक्षा करायची नाही. माझा भाऊ होडी सोडून गेला, तर कुणासाठी गेला एवढंच मला हवं आहे.

रत्नाताई


(पोस्टकार्ड)
आचरे, १२ मार्च १९८४

श्यामकांत,
पाच आठवडे झाले. उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल म्हणून पुन्हा विचारते. होडीत तिसरं कोण होतं? आणि ज्या अनंताने तुला पाण्यातून काढलं, त्याच्यावर खोटा आळ राहू द्यायचा आहे का? दोन ओळी लिही.
रत्नप्रभा


नाहूर,
१९ मार्च १९८४

ती. रत्नाताईंना,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी नीला, श्यामदादाची धाकटी बहीण. तुमचं कार्ड शनिवारी दुपारी आलं तेव्हा घरी मी एकटी होते. कार्डच ते, वाचलं. दादाला विचारलं नाही. ट्रंकेत त्याच्या कपड्यांखाली तुमची आधीची पत्रंही होती, तीसुद्धा वाचली. तो घरी आल्यावर त्याला सांगितलं, मी लिहिणार आहे. तो बाहेर जाऊन गॅलरीत उभा राहिला.

होडीत तिसरी मी होते.

माझं लग्न ठरलंय, बोरिवलीचं स्थळ, मे महिन्यातला मुहूर्त. त्या शनिवारी मुलुंडला माझी टायपिंगची परीक्षा होती, ती संपली आणि मी दादाला म्हटलं, मला पण ने ना. लग्नानंतर कोण नेणार? चंदूदादा म्हणाला, चल, त्यात काय! तो आमच्या घरात रोज जेवायचा, माझी खोड काढायचा, माझ्या टायपिंगच्या चुका शोधायचा. आमच्यात दुसरं काही नव्हतं. लोक विचारतील आणि तुम्हाला विचारायचा हक्क आहे, म्हणून आधीच सांगते.

आम्ही साडेचारला बसलो. धक्क्यावर माणसं होती. अनंतामामांनी स्वतः बोट धरून मला बसवलं आणि म्हणाले, "सहाच्या आत या रे. बोटीला दिवा नाय." मी पुढच्या टोकाला, दादा मध्ये वल्ह्यांवर, चंदूदादा मागे.

दहा मिनिटं थांब म्हणाला तो दादा, पण आधी मी म्हटलं होतं की त्या पलीकडच्या काठाला बगळे आहेत, तिथे जाऊ. हेही लिहायला हवं.

वेलींत अडकल्यावर चंदूदादा शांत होता. म्हणाला, "कुणी हलू नका. वल्हं सोडून दे, मी मागून हाताने ढकलतो. अनंता येतोय." दादा घाबरला होता. त्याला वाटलं उभं राहिलं की कंदील दिसेल, वल्हंही निघेल. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पाणी इतकं गार असेल असं मला वाटलं नव्हतं. साडी पायांत गुंडाळली गेली. वर येते आहे की खाली जाते आहे तेच कळेना, कारण वरही काळोख आणि खालीही काळोख.

तोंड पाण्याबाहेर आलं तेव्हा मी ओरडले. बोट कुठे आहे ते दिसत नव्हतं. चंदूदादाचा आवाज आला, "श्याम्या, तू कड सोडू नकोस. काही झालं तरी सोडू नकोस. नीला, बोलत राहा, गप्प बसू नकोस." मी काय बोलणार? मी टायपिंगची अक्षरं म्हणत राहिले, बोटांच्या क्रमाने, आवाज द्यायचा म्हणून. तो त्या आवाजावर आला. माझ्या दंडाला धरलं, पाठीवर उलटी केली, ओढत नेलं. दादाचा हात लागला तेव्हा म्हणाला, "धर हिला." मी पदर सोडवत होते. तो अजून माझ्या मागेच होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. म्हणाला, "पाय अडकलाय गं, सोडवतो." एवढंच. मग पाणी हललं आणि श्वास ऐकू आला नाही.

दादाने एका हाताने मला धरलं होतं, एका हाताने बोट. त्याने मला सोडलं असतं तर मी गेले असते. त्याने चंदूदादाला शोधलं नाही म्हणून तो स्वतःला खातो. शोधता आलं नसतं, ताई. मी तिथे होते.

अनंतामामांनी आम्हाला वर घेतलं. दादाने धक्क्यावर त्यांचे पाय धरले, म्हणाला, पोरगी होती हे सांगू नका, लग्न ठरलंय. ते म्हणाले, नाय सांगणार. मला रिक्षात घालून घरी पाठवलं आणि मग पोलीस आले. घरी तेव्हा कुणी नव्हतं, माझी ओली साडी कुणी पाहिली नाही.

मला एवढंच ठाऊक होतं की माझं नाव घेतलेलं नाही. साडेचारला धक्क्यावरच्या लोकांनी मला पाहिलं असेल, त्यांना कुणी विचारू नये म्हणून दादाने वेळच बदलली, सव्वासहा सांगितली, हे मला ठाऊक नव्हतं. अनंतामामांना काढलंय हेसुद्धा नाही. महिन्यापूर्वी भांडुपच्या बाजारात त्यांची बायको, मंजुळामावशी, मासे विकताना दिसली. मी लपणार होते. तिने हाक मारली. म्हणाली, "तू बरी हायस ना गं? छातीत दुखत नाय ना?" मी विचारलं मामा कसे आहेत, तर म्हणाली, "घरीच हाय. जाळी शिवतो." मी विचारलं का, तर कोलंबीवर पाणी मारत बसली. तुमचं कार्ड वाचलं तेव्हा मला उत्तर मिळालं.

त्यांनी शब्द पाळला. रात्री दादाकडून कळलं, चौकशीत साहेबांनी विचारलं, अंधारात बोट दिलीस का, आणि ते "होय" म्हणाले.

हे मी आता ठेवू शकत नाही. उद्या मी बाबांना सांगणार आहे आणि मग बोरिवलीला स्वतः जाऊन सांगणार आहे. तुमचा भाऊ माझ्यासाठी गेला. तुम्ही विचारलंत ते हेच.

नीला


नाहूर,
२ एप्रिल १९८४

रत्नाताईंस,

नीलाचं पत्र मिळालं असेल. त्यात जे आहे ते सगळं खरं आहे. मी तेच सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही. तुमच्या प्रत्येक पत्रानंतर मी थोडं थोडं खरं देत गेलो, उरलेलं वाचवावं म्हणून.

२१ तारखेला पोलीस चौकीत जाऊन नवा जबाब दिला. साडेचारची वेळ, तिघं जण, उभा राहिलो तो मी. हवालदार म्हणाला, "एवढे दिवस काय करत होतास?" त्यांनी सगळं लिहून घेतलं. खोट्या जबाबाबद्दल पुढे काय होईल ते होईल, वकील करावा लागेल असं बाबा म्हणतात. बाबा संपापासून घरी आहेत, गिरणी काही उघडत नाही, त्यांना हा आणखी एक ताप. पण त्यांनी मला एका शब्दाने अडवलं नाही.

कंपनीत साहेबांना लेखी दिलं. नोटीस बोर्डावर आता लागलंय की अनंताची चूक नव्हती आणि चंद्रप्रकाशची तर मुळीच नव्हती. मी ती नोटीस रोज जाता-येता वाचतो. टूलरूममध्ये माझ्याशी दोघं-तिघं बोलत नाहीत. चंदूच्या मशीनवर आता काशीराम म्हणून नवा माणूस आहे, तो बोलतो, कारण त्याला काही ठाऊक नाही.

बोरिवलीचं मोडलं. नीला आणि बाबा गेले होते. मुलाच्या वडिलांनी सगळं नीट ऐकून घेतलं, चहा दिला, आणि दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला. आईने दोन दिवस चूल पेटवली नाही. नीला मात्र डिसेंबरनंतर पहिल्यांदा रात्रभर झोपली. मुलुंडला एका वकिलाकडे टायपिस्टची जागा आहे, तिथे तिने अर्ज केलाय.

अनंताकडे गेलो होतो. कोळीवाड्यात त्याच्या दारात तो जाळं शिवत बसला होता. मी समोर बसून सगळं बोललो. तो शिवतच राहिला. शेवटी म्हणाला, "पोलिसात लिवलास ना? मग झालं." मी म्हटलं, झालं कसं, तुम्ही माझ्यामुळे चार महिने घरी बसलात. तर म्हणाला, "घरी काय, खाडी हाय की."

मी उठलो तेव्हा त्याने मला परत बसवलं. म्हणाला, "तुला एक सांगतो, त्या बाईला लिव. तुमी आरडलात तवा मी आधी उलट्या बाजूला बोट घेतली. पाण्यावर आवाज फिरतो, मला ठाव हाय, जन्म पाण्यात गेला, तरी चुकलो. अंधारात पार पलीकडे गेलो नि मग वळलो. सरळ आलो असतो तर तो पोरगा गावला असता. म्हणून साहेबाने विचारलं तुझी चूक का, तर मी होय बोललो. ते तुझ्यासाठीच नाय बोललो."

मला वाटत होतं तो माझ्यासाठी गप्प बसला. तसं नव्हतं. मंजुळामावशी दारात उभी होती, तिलाही हे ठाऊक नसावं, कारण ती एकदम आत गेली.

क्लब पुन्हा सुरू झाला तर पाचनंतर एकही बोट पाण्यात राहणार नाही, प्रत्येक बोटीत कंदील आणि हवा भरलेल्या दोन ट्यूब असतील, असं ठरलंय. अनंताला परत बोलावलंय. तो म्हणतो, बघू. सध्या दोन्ही बोटी काठावर पालथ्या आहेत.

तुमची क्षमा मागायची माझी हिंमत नाही. आईंना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

श्यामकांत


आचरे,
१७ एप्रिल १९८४

श्यामकांत,

दोन्ही पत्रं आईला एका बैठकीत वाचून दाखवली. नीलाचं दोनदा. आईने दुसऱ्यांदा वाचायला लावलं, आणि ज्या ठिकाणी तो "पाय अडकलाय गं" म्हणतो तिथे मला थांबवून म्हणाली, पुन्हा वाच. मी वाचलं. तीन वेळा वाचलं. तो शेवटी काय बोलला ते आम्हाला आजवर ठाऊक नव्हतं. सकाळी पाणवेलींत सापडलेला मुलगा एवढंच होतं. आता त्याचा आवाज आहे.

तुला क्षमा केली असं मी लिहीत नाही. मनात नसताना लिहिलं तर ते तुझ्या पहिल्या पत्रासारखं होईल. उभा राहिलास त्याचा मला राग नाही. अंधारात, पाण्यात, भीतीने माणूस उभा राहतो, अण्णांच्या होडीत शहाणी माणसं उभी राहायची. राग आहे तो पुढच्या तीन महिन्यांचा. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही म्हणून तू त्याचं नाव घेतलंस. पुढे तो राग उतरेल किंवा नाही उतरणार. उतरला तर कळवीन.

पण तू जाऊन जबाब दिलास. ते मला दिसतं आहे.

अनंताला एक निरोप दे, माझ्या नावाने, शब्दशः. त्याला म्हणावं, तरवाल्याची मुलगी सांगते आहे. अण्णांच्या हयातीत या खाडीत काळोखात दोन वेळा होडी उलटली आणि दोन्ही वेळा अण्णा आधी उलट्या दिशेला गेले होते. एका वेळी माणूस मिळाला, एका वेळी नाही. जो गेला तो अण्णांचा सख्खा चुलतभाऊ होता. अण्णा पुढे वीस वर्षं तर चालवत राहिले, आणि त्यांच्या होडीत बसायला कुणी कधी घाबरलं नाही. अनंताने बोटींवर परत जावं. पाण्याचा मान ठेवणारा माणूस तिथे हवा. नाहीतर तुमच्यासारखे पुन्हा जातील.

नीलाला वेगळं पत्र लिहायला बसले होते, पण आईने हातातून पेन काढून घेतलं. तिला लिहिता येत नाही, म्हणून म्हणाली, मी सांगतंय तां लिही. ते असं आहे (चेडू म्हणजे मुलगी, झील म्हणजे मुलगा):

"त्या चेडवाक म्हणा, मे म्हयन्यात हंयसर येवन जा. लगीन मोडला तर मोडला. माका तेका बघूचां आसा. माझ्या झिलान जेका भायर काढल्यान, तां कसां दिसता, काय खाता, कसां हसता, तां माका बघूचां आसा."

हे सांगताना ती मध्येच उठली, फडताळ उघडून कोकमं किती आहेत ते पाहिलं, आणि मला विचारलं की मुंबईच्या पोरींना सोलकढी तिखट चालते का. चार महिन्यांत ती पहिल्यांदा स्वतःहून स्वयंपाकघरात गेली.

नीलाला एकटीला पाठवू नका, लांबचा प्रवास आहे. तू बरोबर ये. माझ्याशी लगेच बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस. मलाही वाटेल असं नाही. आईने वाढलेल्या पानावर बसून जेव.

किती तारखेला निघताय ते आधी कळव, म्हणजे स्टँडवर माणूस पाठवते.

रत्नाताई